पोटात घे

"काय सांगते बाटली?" बुवांनी विचारलं.

"पोटात घे!" शेदीडशे माणसं एका दमात ओरडली, आणि बंद पडलेल्या छापखान्याच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं फडफडून उडाली.

बुवांनी बाटली उंच धरली. निळी, वीतभर उंचीची, सहा बाजूंची. पाच बाजूंवर बोटाला लागतील अशा उभ्या धारा आणि सहाव्या गुळगुळीत बाजूवर मानेपासून खाली उतरत आलेली, काचेतच उठवलेली अक्षरं: 'पोटात घे'. अक्षरं संपत तिथून थेट बुडापर्यंत चकचकीत पितळी पट्टा. खिडकीतलं ऊन बाटलीतून गेलं की एक निळा कवडसा माणसांच्या तोंडांवरून फिरे. ज्याच्यावर तो पडे त्याला आपण निम्मे बरे झालो असं वाटे. उरलेलं निम्मं दुखणं बाटलीतलं पाणी प्यायलं की जायचं होतं.

"जमिनीखाली आठ हात खोल होती ही!" बुवा सांगत होते. "पाया खणताना कुदळ बसली. कुदळ मोडली, बाटली नाही मोडली! आणि पहिलं वाक्य काय बोलली? 'पोटात घे' बोलली. मोठमोठाले डॉक्टर पानभर लिहितात, ते वाचता येत नाही. हिनं दोन शब्द लिहिले, शाळा न शिकलेल्यालाही कळतात!"

लोक हसले. बुवांचं हे बरं होतं, ते आधी हसवत आणि मग फसवत. हसलेल्या माणसाचा हात खिशावर राहत नाही, तसं त्याचं डोकंही जागेवर राहत नाही.

दाराशी उभ्या असलेल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अंगावरचा ॲप्रनसुद्धा काढला नव्हता. शहरातल्या छोट्या संग्रहालयात त्या जमिनीतून निघालेल्या वस्तू धुऊन, मोजून नोंदवहीत चढवण्याचं काम करत. बावीस वर्षांत इतकी खापरं त्यांच्या हातांखालून गेली होती, की नातेवाईक त्यांना खापरबाईच म्हणत, आणि त्याही त्या नावाला ओ देत.

अर्ध्या तासापूर्वी त्या एका मडक्यावरचा जुना डिंक सोडवत बसल्या होत्या. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, आज सातवा दिवस! चिमीची सुई सुटली! छापखान्यात ये, आत्ता ये. बुवा सगळ्यांसमोर दाखवणारेत."

"सुटली म्हणजे?"

तोवर फोन बंद झाला होता.

चिमी आठ वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिला मधुमेह निघाला होता. पथ्यपाण्यावर आणि गोळ्यांवर भागणारा, मोठ्या माणसांचा तो मधुमेह नव्हे. लहान मुलांचा, ज्यात शरीर इन्सुलिन बनवणंच सोडून देतं आणि ते रोज बाहेरून सुईनं द्यावं लागतं. दिवसातून चार वेळा, जेवणाइतक्याच नेमानं. अशा मुलाची सुई 'सुटली' म्हणजे काय होतं, हे खापरबाईंना डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. त्या शब्दाच्या धास्तीनं त्या अर्धा रस्ता पळत आल्या होत्या.

बुवांच्या शेजारी भिंतीला लागून एक टेबल होतं. त्यावर दोन पांढऱ्या बशा. भिंतीच्या भेगेतून मुंग्यांची रांग निघून टेबलाच्या पायावरून वर चढत होती. छापखाना बंद पडल्यापासून तिथं तेवढाच धंदा जोरात चालू होता.

"आता मुंगी-परीक्षा!" बुवांनी दंड थोपटल्यासारखा हात उचलला. "डॉक्टरचं यंत्र खोटं बोलेल. ते कंपनीचं असतं. मुंगी खोटं बोलेल का? मुंगीला कोण पगार देतो?"

पुन्हा हशा. डाव्या बशीत कालच आलेल्या एका शिंपीकाकांच्या लघवीचे चार थेंब होते, आणि ती बशी मुंग्यांनी काळीकुट्ट झाली होती. उजव्या बशीत चिमीच्या, सातव्या दिवसाच्या. मुंग्यांची रांग त्या बशीच्या काठापर्यंत यायची, मिशा हलवायची आणि माघारी फिरायची. आत एकही मुंगी नव्हती.

"साखर गेली!" बुवा गरजले.

साखरेला मुंग्या लागतात, हे आबालवृद्धांना ठाऊक असतं. बुवांच्या सगळ्या खटाटोपात तेवढी एकच गोष्ट खरी होती. लबाडीला उभं राहायला खऱ्याचा एक पाय लागतोच.

"आणि ही बाटली केव्हाची, विचारा!" बुवांनी काचेची चौकट लावलेला एक कागद वर धरला. "मी नाही सांगत. मी अडाणी माणूस. संग्रहालयानं लिहून दिलंय, सहीशिक्क्यानिशी. ऐका. 'बाटली, निळी काच. काळ सांगता येत नाही.' ऐकलंत? तिथल्या विद्वानांना हजारो वर्षांचं मडकं कळतं. हिच्यापुढे त्यांनी हात टेकले. ज्याचा काळ सांगता येत नाही त्याला काय म्हणतात? कालातीत!"

"कालातीत!" लोक म्हणाले.

खापरबाईंनी दारातूनच डोळे ताणून कागदाकडे पाहिलं. ती सही त्यांची होती.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. साडेपाच वाजले होते, ॲप्रन खुंटीला गेला होता, आणि दोन माणसं वर्तमानपत्रात गुंडाळलेला मातीचा एक गोळा घेऊन आली होती. 'बाई, ही किती जुनी, तेवढं लिहून द्या.' आत निळी काच दिसत होती. संग्रहालयाचा पहिला नियम होता: आधी धू, मग बघ, मग लिही. नळाखाली दोन मिनिटं धरली असती तरी सगळं कळलं असतं. पण भांडी घासून झाल्यावर खरकटी बशी पुढे आली की जसं होतं तसं त्यांना झालं. जुन्या मोडक्या बाटल्या काय, उकिरड्यावर शंभर सापडतात. 'मला आत्ता वेळ नाही' असं लिहायची सोय कागदावर नव्हती. म्हणून त्यांनी लिहिलं, 'काळ सांगता येत नाही.' शिक्का मारला, दिवा मालवला आणि बस पकडली.

"ताई!" पुढच्या रांगेतून धाकटीनं त्यांना पाहिलं आणि हात हलवला. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं! तिच्या मांडीवर चिमी होती. आठ वर्षांची मुलगी तान्ह्या बाळासारखी मान टाकून पडली होती.

खापरबाई गर्दीतून वाट काढत गेल्या. चिमीचे ओठ फुटले होते. डोळे खोल गेले होते. मैलभर पळून आल्यासारखी तिची छाती वरखाली होत होती, आणि ती तर जागची हललीही नव्हती.

"केव्हापासून अशी आहे?"

"पहाटेपासून उलट्या होतायत. बुवा म्हणाले, साखर बाहेर पडतेय. सारखं पाणी मागते. बुवा म्हणाले, अमृताची ओढ लागलीय. आणि वास घे, ताई! तिच्या तोंडाचा वास घे. कालपासून सगळे येऊन घेऊन जातायत. पिकलेल्या फळाचा वास येतो!"

खापरबाई वाकल्या. तो वास त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. अर्ध्या तासापूर्वीही मडक्यावरचा डिंक सोडवताना तोच वास त्यांच्या नाकाशी होता. चिमीच्या पोटात फळ नव्हतं की अमृत नव्हतं. साखर वापरता येत नाही म्हणून तिचं शरीर आतली चरबी जाळत होतं, आणि त्या जळणातून निघणारा ॲसिटोन तिच्या श्वासातून बाहेर पडत होता.

"सुई कधी बंद केलीस?"

"आधी चार दिवस अर्धी केली. परवापासून पूर्ण बंद."

"उठ. दवाखान्यात चल. आत्ता."

"ताई, आता फक्त शेवटचा घोट राहिलाय. मग हे..." धाकटीच्या दुसऱ्या हातात इन्सुलिनच्या कुप्यांची पुडी होती. "हे सगळ्यांसमोर फोडायचं. मग कायमची सुटका."

"तिची कायमची सुटका होईल गं! कळतंय का तुला काय बोलतेयस?"

खापरबाईंनी चिमीला उचलायला हात घातला. धाकटीनं लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"तू नको बोलूस! तू कधी टोचलंयस तिला? एकदा तरी? येतेस, पथ्य सांगतेस आणि जातेस. तिचा बाप महिन्यातले पंचवीस दिवस ट्रकवर. माझी चाहूल लागली की ती पलंगाखाली लपते. मी पाय धरून ओढून काढते तिला. रोज चार वेळा. परवा झोपेत म्हणाली, 'आई आली, लपा.' माझीच लेक, ताई! मला भिते ती! हे आयुष्यभर करायचं मी?" ती रडायला लागली. "आणि तूच तर लिहून दिलंस. मी सही ओळखली तुझी. म्हटलं, माझी ताई लिहिते म्हणजे खरंच असणार."

खापरबाईंना वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. भोवती माणसं गोळा झाली होती. एक जण म्हणाला, "बाई, ऐन सातव्या दिवशी अपशकुन करू नका." बुवांचे दोन स्वयंसेवक वाटेत उभे राहिले. मायलेकींना ओढून नेणं जमण्यातलं नव्हतं, आणि चिमीजवळ तर वेळ नव्हता.

त्या वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बुवा, त्या कागदावरची सही माझी आहे."

बुवांना आकाश ठेंगणं झालं. "या, या! खुद्द संग्रहालयाच्या बाई! वाट द्या त्यांना! सांगा बाई, तुमच्या तोंडून सांगा सगळ्यांना."

"सांगते. आधी मला एक परीक्षा घ्यायचीय. तुमचीच. मुंगी-परीक्षा." दाराशी चहावाला किटली घेऊन उभा होता. "दादा, चमचाभर साखर द्या."

साखर आली. खापरबाईंनी उजवी बशी, चिमीची, हातातल्या रुमालावर ओतून रिकामी केली. काठाला बोट लागू दिलं नाही. मग बशीच्या मधोमध साखर ठेवली आणि बशी होती तिथंच पुन्हा ठेवली.

"आता बघा. ही शुद्ध साखर आहे. मुंगीला पगार नाही, मुंगी खोटं बोलत नाही."

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. रांग आली. पहिली मुंगी काठाला पोचली, मिशा हलवल्या आणि माघारी फिरली. दुसरी फिरली. पाचवी, दहावी, सगळ्याच फिरल्या. साखरेचा ढीग मधोमध तसाच पांढरा शुभ्र राहिला.

"अभिनंदन, बुवा," खापरबाई म्हणाल्या. "तुम्ही साखरेचाही मधुमेह बरा केलात."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बुवांचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "बाटलीच्या तेजाचा तो..."

"तेज नाही, खडू." खापरबाईंनी बशीच्या काठावरून बोट फिरवून वर धरलं. बोटाला पांढरी भुकटी होती. "मुंग्यांचा खडू. कुठल्याही दुकानात मिळतो. संग्रहालयात दर महिन्याला प्रत्येक कपाटाच्या पायांभोवती मी स्वतः हा ओढते. त्या रेघेपाशी आल्या की मुंग्या अशाच मिशा हलवतात आणि अशाच फिरतात. पांढऱ्या बशीला पांढरा खडू लावला की दिसतो कुणाला? डाव्या बशीला लावला नाही, म्हणून तिथं लागल्या. हवं तर शिंपीकाकांचे थेंब या उजव्या बशीत टाका. तेही या क्षणी बरे होतील."

शिंपीकाका पुढच्या बाकावर पायाच्या बोटाला चिंधी बांधून बसले होते. ते उठले, डोळे बारीक करून बशीजवळ आले, काठावर बोट फिरवलं आणि आपल्या बोटाकडे पाहत उभे राहिले. आयुष्यभर कापडावर खडूनं रेघा मारलेला माणूस, त्याला खडू ओळखायला परीक्षा लागत नव्हती.

"खडूच आहे," ते म्हणाले.

गर्दी हलली, कुजबुजली. पण गर्दीचं मन असं एका बशीनं फिरत नाही. एक बाई ओरडल्या, "बशीचं काय घेऊन बसलात? बाटली तर खरी आहे ना! बाटलीवर तर लिहिलंय!" आणि धाकटीनंही त्याच आशेनं वर पाहिलं. बुडत्याला काडीचा आधार लागतो, आणि ती काडी काढून घेणारा त्याला वैरी वाटतो.

"हो. बाटलीवर लिहिलंय," खापरबाई म्हणाल्या. "पण अर्धंच वाचलंय आपण."

बुवांना अंदाज यायच्या आत त्यांनी टेबलावरची बाटली उचलली. उशिरा का होईना, त्या ती वस्तू नीट बघत होत्या. दोन महिन्यांपूर्वी बघायला हवी होती तशी. बाजूनं बुडापासून निघालेली बारीक शिवण थेट तोंडाच्या कडेपर्यंत चढली होती. तोंडानं फुंकून घडवलेल्या काचेला अशी शिवण नसते. ही यंत्राच्या साच्यात पडलेली बाटली होती. पणजीच्या वेळची म्हणा फार तर. पितळी पट्टा मात्र कालपरवाचा, आत डिंक लावून बसवलेला. खापरबाईंनी ॲप्रनच्या खिशातली डिंक सोडवायची छोटी कुपी काढली, पट्ट्याच्या कडेला चार थेंब सोडले आणि अंगठ्यानं रेटा दिला.

"बाई, हात लावू नका! भस्म व्हाल!" बुवा धावले.

"मग व्हायला द्या की," शिंपीकाका मधे आडवे होत म्हणाले. "आम्ही पण बघू."

पट्टा करकरला, हलला आणि खाली घसरून खणकन फरशीवर पडला. खापरबाईंनी बाटली धाकटीच्या डोळ्यांसमोर धरली. पट्ट्याखालची अक्षरं मातीनं भरली होती, पण वाचता येत होती.

"मी नाही वाचणार," खापरबाई म्हणाल्या. "तू वाच. मोठ्यानं."

धाकटीचे ओठ हलले. "पोटात... घे..." ती थांबली.

"पुढे."

"...ऊ नये." तिचा आवाज फाटला. "पोटात घेऊ नये."

"ही विषाची बाटली आहे," खापरबाई लोकांकडे वळून म्हणाल्या. "जखमा धुवायची, फरशी पुसायची जालीम औषधं पूर्वी असल्या बाटल्यांत देत. रंग वेगळा आणि अंगावर धारा, कशासाठी? अंधारात औषध शोधताना नुसता हात लागला तरी माणसाला कळावं, की ही नको, ही विषारी. ज्यांनी ही घडवली त्यांना आंधळ्या हातांचीही काळजी होती. तुम्ही डोळस असून त्या धारांना कपाळ टेकलंत. आणि या गृहस्थांनी 'ऊ नये' पट्ट्याखाली दडपलं."

मग त्यांनी हातातली कुपी धाकटीच्या नाकापुढे धरली. "हे घे. हे ॲसिटोन, नखांचं पॉलिश काढायचं पाणी. याचा वास घे. आता तुझ्या लेकीच्या तोंडाचा घे."

धाकटीनं कुपीचा वास घेतला. मग खाली वाकून चिमीच्या उघड्या तोंडाचा. ती तशीच वाकलेली राहिली. क्षणभर खापरबाईंना वाटलं, हिला कळलंच नाही. आणि मग धाकटीच्या घशातून जो आवाज निघाला तो त्या छापखान्यात कुणी कधी ऐकला नसेल. कुप्यांची पुडी तिनं पोटाशी धरली, लेकीला खांद्यावर टाकलं आणि ती दाराकडे धावली. या वेळी वाट करून द्यायला स्वयंसेवकांना सांगावं लागलं नाही. चहावाल्यानं किटली टाकून रस्त्यावरची पहिली गाडी अडवली.

दवाखान्यात चिमीला आत नेलं आणि दार बंद झालं. मायलेकींना वेगळं करणारं ते दार पुढचे सहा तास उघडलं नाही. धाकटी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. खापरबाई समोर उभ्या होत्या. बसायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"इन्सुलिन कुणी बंद केलं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"माझ्या सहीनं," खापरबाई म्हणाल्या. इतरांच्या डोक्यावर फोडायला त्यांच्याकडे दुसरं खापर नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे पाहिलं.   "रक्त आंबट झालंय तिचं. सलाईन आणि इन्सुलिन चालू आहे. मेंदूला सूज आली नाही तर वाचेल. आली तर सांगता येत नाही. उद्यापर्यंत काही विचारू नका मला."

'सांगता येत नाही.' तेच तीन शब्द. पण हे शब्द सहा तास उभं राहून, रक्त दहा वेळा तपासून, मगच डॉक्टरीणबाईंच्या तोंडातून आले होते. खापरबाईंना आपल्या तीन शब्दांची लाज वाटली, इतकी, की त्यांना तोंड लपवायला जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीनं डोळे उघडले नव्हते. धाकटी म्हणाली, "ताई, इथं दोघी बसून काय करतो आपण? छापखान्यात ते सगळे आले असतील. शिंपीकाका, म्हाताऱ्या आजीबाया. त्यांच्यापैकी कितींनी औषध सोडलंय माहितीय? मीच सांगितलं होतं त्यांना, माझ्या चिमीला गुण येतोय म्हणून. जा तू."

बुवा रातोरात गायब झाले होते. टेबल होतं, भिंतीवर मुंग्या होत्या. पन्नासेक माणसं तरीही येऊन बसली होती. काहींचा राग बुवांवर होता, बऱ्याच जणांचा खापरबाईंवर. "आमचं होतं तेवढं घालवलंत," एक आजी म्हणाल्या. "आता आम्ही कुठं जायचं, ते सांगा. नुसतं खोटं खोटं म्हणून निघून जाऊ नका."

"नाही जात," खापरबाई म्हणाल्या. भाषण त्यांना येत नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी फक्त मुक्या वस्तूंशी बोलून काढली होती.

"माझी भाची दवाखान्यात आहे. जगेल की नाही, अजून कळलेलं नाही. तिला बुवांनी मारायला घेतलं, हे खरं. पण त्यांच्या हातात कागद मी दिला. मला माहीत नव्हतं असं नाही, मी बघितलंच नाही. न बघता लिहिलं. तुम्ही न तपासता वाचलंत. बुवांनी या दोन्हींच्या मधे दुकान मांडलं. ते आज गेले, उद्या दुसरा येईल, त्याच्याकडे बाटलीऐवजी दगड असेल. त्याला एवढंच विचारा: झाकलंयस ते काय आहे? पट्टा काढून दाखव. बशी मी आणतो, मुंग्या माझ्या, साखर माझी, मग कर परीक्षा. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. डॉक्टरला विचारा, तोही चुकतो, पण चूक दाखवली की औषध बदलतो. सुई टोचते म्हणून ती खोटी नाही, आणि पाणी टोचत नाही म्हणून ते औषध नाही. सोसत नसेल तर सोसत नाही म्हणा, रडा, मदत मागा. पण जे पोटात घ्यायचं ते वाचून, विचारून, तपासून घ्या. माझी सही असली तरी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरेच जण मान खाली घालून उठून गेले. शिंपीकाका, त्या आजी आणि आणखी सात जण मात्र उरले, आणि खापरबाई त्यांना घेऊन पायीच दवाखान्यात आल्या. शिंपीकाकांच्या पायाचं बोट काळं पडलं होतं. ते वाचणार नाही, पाय मात्र वाचेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, "मशीन डाव्या पायानं चालवीन."

चिमीनं तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. धाकटी रडली नाही. रडण्याइतकं तिच्यात काही उरलं नव्हतं. ती फक्त लेकीचे पाय दाबत बसली.

आठवड्यानं चिमी उशीला टेकून बसू लागली. दुपारचं जेवण आलं, आणि त्याआधीची सुई. परिचारिकेनं ट्रे ठेवला तशी धाकटी उठून खिडकीशी गेली, पाठ करून उभी राहिली.

"मला नाही जमणार, ताई. माझ्या हातांनी काय केलं मी! पुन्हा मला बघून ती लपेल. आता इथं लपायला पलंगाखाली जागासुद्धा नाही."

"मी देते," खापरबाई म्हणाल्या. "दीड वर्षापूर्वीच शिकायला हवं होतं मी."

परिचारिकेनं दाखवलं तसं त्यांनी मात्रा दोनदा वाचली, हवेचा बुडबुडा काढला, दंडाची चिमूट धरली. हजारो वर्षांचं नाजूक खापर सहज उचलणारे त्यांचे हात सुईपाशी अडले, आणि त्या पुन्हा मात्रेच्या रेघा मोजू लागल्या. चिमीनं एक डोळा मिटून ते सगळं पाहिलं.

"मावशी, थांब," ती क्षीण आवाजात म्हणाली. "तुला नाही येत."

"येईल गं, आत्ता..."

"नाही. तू मोजत बसतेस, मग जास्त भीती वाटते." तिनं खिडकीकडे मान वळवली. "आईला दे. आई पटकन करते."